कसलाही फेरफार केलेला नाही

आमच्या स्टुडिओत कुणाचाही चामखीळ काढून मिळत नसे.

एकदा निवडणुकीला उभे राहिलेले एक गृहस्थ आले. भिंतीभिंतींवर चिकटवायला फोटो हवा होता. फोटो निघाला, झकास निघाला, पण डाव्या गालावर चामखीळ होता तो फोटोतही आला. "तेवढा काढून टाका," गृहस्थ म्हणाले. मामा म्हणाला, "तुम्ही डॉक्टरकडे जाऊन तो गालावरून काढा, की तो फोटोतून आपोआप जाईल." गृहस्थ तणतणत समोरच्या स्टुडिओत गेले. तिथे त्यांचा चामखीळ गेला, वयातली दहा वर्षं गेली आणि पुढे निवडणुकीत अनामत रक्कमही गेली. मामा त्यावर एक शब्द बोलला नाही, पण निकालाच्या दिवशी तो दिवसभर शीळ घालत होता.

हा माझा सख्खा मामा, आईच्या पाठचा भाऊ. आई त्याला 'भाऊ' म्हणते आणि सगळं गाव 'शिक्केवाले' म्हणतं. त्याला कारण होतं. स्टुडिओतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक फोटोच्या पाठीवर तो जांभळ्या शाईचा शिक्का मारायचा: 'या छायाचित्रात कसलाही फेरफार केलेला नाही.' खाली सही, तारीख आणि वेळ. वेळसुद्धा मिनिटापर्यंत. पासपोर्टच्या चिमुकल्या फोटोवर तो शिक्का मावत नसे, तर त्यासाठी त्याने लहान शिक्का करून घेतला होता. माणूस किती हेकट असावा याला काही मर्यादा आहे की नाही?

पण त्या हेकटपणाचं मोल होतं. रस्त्यावर दोन ट्रक आपटले, कुणी कुणाची भिंत सरकवली, कुणाच्या छपराला आग लागली, की पहिलं बोलावणं मामाला यायचं. मामा जायचा, चार बाजूंनी चार फोटो काढायचा आणि कोर्टात ते फोटो पुढे आले की दोन्हीकडचे वकील गप्प बसायचे. एका ट्रक ड्रायव्हरची तुरुंगवारी मामाच्या फोटोमुळे टळली होती. एका विधवा बाईला तिच्या दिराने गिळलेली दीड हात जागा परत मिळाली होती. शिक्का खरा म्हणजे फोटो खरा, असा हिशेब होता.

मी आठ वर्षांची असताना माझे वडील गेले. तेव्हापासून आई आणि मी स्टुडिओच्या मागच्या दोन खोल्यांत राहतो. आईच्या मधमाश्या आहेत. अडतीस पेट्या, गावाबाहेरच्या डोंगराच्या पायथ्याला. आई मितभाषी आहे. माश्यांशी मात्र भरपूर बोलते. मी तिच्या उलट. मला कॉलेज संपल्यावर मामाने स्टुडिओत घेतलं, काळोख्या खोलीत फोटो धुवायला शिकवलं आणि गिऱ्हाइकांशी भांडायचं काम कायमचं माझ्याकडे सोपवलं. ते मला जन्मतःच येत होतं.

आता त्या डोंगराबद्दल. वर्षाचे साडेदहा महिने तो म्हणजे काटक्यांचं रान. झुडपं वाळून दगडाच्या रंगाची होतात, लांबून उघडाबोडकाच दिसतो. पण थंडी सरली की दीड महिना त्याला फुलं येतात. लहानलहान, नखाएवढी, पण इतकी दाट की पानं दिसत नाहीत. अख्खा डोंगर गुलाबी. त्या दीड महिन्यात आईच्या माश्या वर्षाची कमाई करतात. डोंगर नसेल तर पेट्या नाहीत, आणि पेट्या नसतील तर आई काय करेल याचा विचार मी कधी केलाच नव्हता. डोंगर नसेल असं कुणाच्या मनात तरी येईल का?

मामा चाळीस वर्षं त्या डोंगराचा फोटो काढत आला होता. दर वर्षी, ऐन बहरात आणि काळापांढरा.

"मामा, अख्खा डोंगर गुलाबी झालाय आणि तू त्याला राखाडी करतोस," मी म्हणायची. "तुझ्या डोक्याचा एखादा स्क्रू ढिला आहे का?"

"रंग दिसला की माणूस 'अहाहा' म्हणतो आणि पुढे जातो," मामा म्हणायचा. "बघत नाही. मला बघणारा माणूस हवाय."

मग तो खिशातून एक लाल काच काढायचा. भिंगापुढे बसवायची गोल काच. ती माझ्या डोळ्याला लावून म्हणायचा, "बघ." लाल काचेतून डोळ्याला सगळं लालच दिसतं, पण फोटोत निळं आकाश काळंकुट्ट पडतं, हिरवी पानं काळी पडतात, आणि गुलाबी फूल पांढरंशुभ्र होतं. काळ्या आकाशाखाली पांढराफटक डोंगर. खरंच, अंगावर काटा यायचा. असा एक फोटो त्याचा फारच जमला होता. तो आम्ही मोठा करून दर्शनी काचेत लावला होता. येणारेजाणारे थांबायचे. मामा आतून बघायचा की कोण किती वेळ थांबतं.

एक दिवस इस्त्रीच्या शर्टातला एक माणूस थांबला. बराच वेळ थांबला. मग आत आला आणि मला म्हणाला, "तो फोटो मिळेल का? ऑफिसात लावायचाय." मामा बाहेर गेला होता. मी प्रत काढून दिली. तो म्हणाला, "मागे शिक्का हवा हं. तारखेसकट. तुमच्या शिक्क्याबद्दल फार ऐकलंय." माझी कॉलर ताठ झाली. मी शिक्का असा दाणकन मारला की टेबल हललं. मामा आल्यावर त्याने फोटो काढल्याच्या नोंदवहीतली तारीख आणि वेळ बघून लिहिली, सही केली. माणूस गोड हसून गेला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे, पण तेव्हा मला काय ठाऊक?

पुढच्या महिन्यात कळलं की डोंगरावर चुन्याची खाण येणार.

नियम असा होता की ज्या जमिनीवर काही उगवत नाही ती खाणीला देता येते. झाडोरा असेल तर नाही. त्यासाठी कचेरीत सुनावणी ठेवली. पायथ्याचे सगळे लोक गेले. आई गेली, मी गेले, मामा गेला. अधिकारी एक बाई होत्या, चष्मा नाकावर, हातात पेन, चेहऱ्यावरून काही कळू न देणाऱ्या. लोकांनी आपापल्या मोबाइलवरचे गुलाबी डोंगर दाखवले. कुणाचा मुलगा फुलांत बसलाय, कुणाची नवी सून फुलांत उभी आहे.

खाणवाल्यांचे वकील उठले. त्यांनी स्वतःचा मोबाइल काढला, समोरच्या टेबलाचा फोटो घेतला, त्यावर दोनदा बोट फिरवलं आणि बाईंपुढे धरला. टेबल गुलाबी झालं होतं. लोकसुद्धा हसले, म्हणजे बघा. "मॅडम, हल्ली रंगाला काडीची किंमत नाही," वकील म्हणाले. "कुणीही कशालाही कुठलाही रंग देतो. या गावात एकच माणूस आहे ज्याच्या फोटोवर कोर्ट विश्वास ठेवतं. त्याचाच फोटो मी आणलाय."

त्यांनी पाकिटातून तो काढला तेव्हा मला पाकीटच आधी ओळखू आलं. आमचं होतं.

काळं आकाश, पांढराफटक डोंगर. "उघडा चुनखडक," वकील म्हणाले. "एक पान दिसत नाही. गवताची काडी दिसत नाही."

आणि खरंच दिसत नव्हती. चाळीस वेळा मी तो फोटो स्वतःच्या हाताने धुतला असेल. मला त्यात नेहमी फुलं दिसायची, कारण मला माहीत होतं की ती फुलं आहेत. त्या दिवशी पहिल्यांदा मी तो फोटो खोलीतल्या दीडशे परक्या डोळ्यांनी पाहिला. तो दगड होता.

मामाला पुढे बोलावलं. मी आजवर कुणाला सांगितलं नाही, पण फोटो हातात आल्यावर पहिला क्षणभर मामाच्या चेहऱ्यावर आनंद दिसला. आपला फोटो इतक्या लोकांपुढे आला याचा. मग तो आनंद जागच्या जागी गोठला.

"फोटो तुमचा?" वकिलांनी विचारलं.

"हो."

"मागचा शिक्का, सही, तारीख?"

"माझीच."

"लोक म्हणतात ऐन या तारखेच्या सुमारास डोंगर फुलांनी भरतो. मला यातलं एक फूल दाखवा."

मामा फोटोकडे बघत राहिला. "हे सगळं फूलच आहे," तो म्हणाला. मागे कुणीतरी फिसकन हसलं. "गुलाबी आहे ते. लाल काच लावली की पांढरं येतं."

"म्हणजे तुम्ही रंग बदललात."

"बदलला नाही. काळ्यापांढऱ्यात रंग नसतोच. भिंगापुढे काच होती एवढंच. फोटोला मी नंतर हात लावलेला नाही."

"मला फोटोग्राफी शिकवू नका," वकील म्हणाले. "मागे तुम्ही लिहिलंय, कसलाही फेरफार केलेला नाही. ते खरं की खोटं? विचार करून सांगा. हाच शिक्का किती खटल्यांच्या कागदांवर आहे ते मी मोजून आलोय."

धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं. 'खोटं' म्हटलं तर चाळीस वर्षांचे शिक्के खोटे. 'खरं' म्हटलं तर फोटोतला दगडही खरा. मला वाटलं, मामा आता म्हणेल, खोटं. वाटलं कशाला, मला खात्रीच होती. समोर त्याची बहीण बसली होती.

"खरं आहे," मामा म्हणाला. "फेरफार नाही."

मी आ वासून बघत राहिले. मला ऐकू आलं ते नीट ऐकू आलं की नाही हेच कळेना. बाईंनी वाकून ते लिहून घेतलं आणि आठ दिवसांनंतरची तारीख दिली. त्या दिवशी जबाबावर सह्या आणि निर्णय. जागेवर जाऊन पाहण्याची आता गरज उरलेली दिसत नाही, असंही म्हणाल्या. पायथ्याच्या लोकांनी मामासाठी दारातून वाट करून दिली, आणि ती जरा जास्तच मोठी करून दिली.

घरी आल्यावर आईने चहा टाकला. तीन कप केले, त्यातला एक मामापुढे ठेवला आणि म्हणाली, "तुझा शिक्का तू सांभाळ, भाऊ. माझ्या माश्यांचं मी बघते." आवाज चढवला नाही. तिने दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, चावणार कुणाला?

मला मात्र दात आहेत. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधीच मी त्याला गाठलं.

"मामा, तू खोटं बोललास."

"मी खोटं बोललो नाही."

"मग काय बोललास? आईच्या अडतीस पेट्या एका शिक्क्यावर ठेवून फुंकून टाकल्यास. आणि तो फोटो विकला मी! माझ्या हाताने शिक्का मारलाय. मला आता हे हात तोडून टाकावेसे वाटतात."

"कुणी विकला हे मी तुला विचारलंय का?" मामा म्हणाला. मग खुर्चीत बसला. त्याचे डोळे लाल होते. "ऐक. ज्या बाईला दीड हात जागा मिळाली, ती कशावर मिळाली? माझ्या शिक्क्यावर. तिचा दीर अजून टपून बसलाय. मी आज म्हटलं की माझा शिक्का खोटा, की तो उद्या ती भिंत उकरायला लावेल. शिवाय तो ट्रक ड्रायव्हर आहेच. अशी किती माणसं आहेत. ती सगळी माझ्या शिक्क्याखाली झोपतात गं."

उत्तर नसलं की मी कामाला लागते. मला आठवलं, मामा दर वर्षी लाल काचेशिवायही एक फोटो काढून ठेवायचा, तुलनेसाठी. म्हणजे काचेविना काढलेले चाळीस फोटो असणार! त्यांत झुडपं दिसतील, पानं दिसतील. ते बाईंपुढे टाकले की झालं, शिक्काही राहील आणि डोंगरही. मी काळोख्या खोलीत शिरले आणि दुपारपर्यंत जुन्या फिल्मा हुडकून प्रती काढल्या. त्या पाण्यातून वर येताना बघून मी जागीच बसले.

लाल काच नसली तर गुलाबी आणि हिरवं दोन्ही सारखंच राखाडी येतं. फूल कुठलं, पान कुठलं, काही कळत नाही. सगळा डोंगर एकसारखा मळकट, मातीचा ढिगारा असावा तसा. काच लावली की दगड, काढली की माती. चाळीस वर्षं ऐन बहरात जाऊन मामाने एवढंच आणलं होतं.

तरी मी सगळे फोटो स्टुडिओच्या फरशीवर पसरले. जुने, नवे, काचेचे, बिनकाचेचे. मामा त्यांच्यामधून पाय चुकवत फिरत होता. तेवढ्यात आई आतून काहीतरी विचारायला आली आणि दारातच थबकली.

"ताई," मामा म्हणाला, "हे बघ. काय दिसतं ते सांग. मला बरं वाटावं म्हणून नको सांगूस."

आई खाली बसली. पदराने हात पुसले. एकेक फोटो उचलून बघू लागली. "दगड," ती म्हणाली. "हा पण दगड. ही माती. दगड. हा छान आलाय रे, पण दगडच आहे. ही मातीच."

"यात एकातही तुझा डोंगर नाही?"

आईने हातातला फोटो खाली ठेवला. "नाही," ती म्हणाली. "कधीच नव्हता."

मामाने भिंतीला हात टेकला. "चाळीस वर्षं मी दर वर्षी पहिला फोटो तुला आणून दाखवत होतो. तू प्रत्येक वेळी 'सुरेख' म्हणालीस."

"तू एवढा उन्हातान्हातून चढून यायचास. तुला किती आवडायचं ते." आई फोटो गोळा करायला लागली. "काय बोलायचं मग?"

मी माझ्या आयुष्यात पुष्कळ भांडणं पाहिली आहेत, त्यातली निम्मी मीच केली आहेत. पण माणूस असा हादरलेला मी पाहिला नव्हता. कोर्टात पाच-पाच वकिलांनी उलटतपासणी घेऊनही मामा डगमगला नव्हता. इथे त्याची बहीण, जिला फोटोतलं ओ की ठो कळत नाही, फरशीवर बसून दगड-माती मोजत होती, आणि तिचं चुकत नव्हतं. तो त्या दिवशी जेवला नाही. दुसऱ्या दिवशीही स्टुडिओ बंदच राहिला. मी दोनदा जाऊन दार वाजवलं तर आतून म्हणाला, "जिवंत आहे."

आठव्या दिवशी कचेरीत वकिलांनी जबाब सहीसाठी पुढे केला. मामाने पेन घेतलं आणि टेबलावर ठेवलं.

"मॅडम, मला जबाब बदलायचाय," तो म्हणाला. "मागच्या वेळी मी म्हणालो की फेरफार नाही. तो आहे. भिंगापुढे लाल काच मी लावली. फुलं पांढरी दिसावीत म्हणूनच लावली. डोंगर गुलाबी होता आणि मला तो तसा नको होता. हा शिक्का खोटा आहे."

माझ्या शेजारी बसलेल्या आईने माझा दंड इतका घट्ट धरला की दुसऱ्या दिवशी तिथे वळ उठले.

वकिलांची तारांबळ उडाली, पण क्षणभरच. ते वकील होते. "ठीक," ते म्हणाले. "म्हणजे तुम्ही चाळीस वर्षं खोटे शिक्के मारत होतात. अपघातांचे, भिंतींचे, आगीचे फोटो, सगळेच?"

"तिथे मी काच लावली नव्हती."

"हे कोण सांगणार?"

"मीच सांगणार."

"मागच्या आठवड्यात तुम्हीच सांगितलंत की या फोटोत फेरफार नाही. आज तुम्हीच सांगता की आहे. मग उद्या तुमचं काय धरायचं?"

मामाने त्यांच्याकडे बघितलं. मग आमच्या बाजूला बघितलं. तिथे मागच्या रांगेत ती दीड हात जागावाली बाईही येऊन बसली होती. तिला कुणी सांगितलं होतं कुणास ठाऊक. मामाला ती दिसली आणि त्याचा आवाज पहिल्यांदा फाटला.

"माझं काही धरू नका," तो म्हणाला. "ज्यांना माझ्या फोटोंवर काही मिळालंय त्यांच्याकडून ते काढून घेऊ नका, एवढी विनंती आहे. ते फोटो खरे आहेत. पण ते मी म्हणतो म्हणून धरू नका. जागेवर जाऊन बघा. डोंगर पण जागेवर जाऊन बघा. चार महिने थांबा आणि फुलं आली की या. माझ्या फोटोवर डोंगर देऊ नका कुणाला."

बाई लिहायचं थांबल्या होत्या. चष्मा काढून त्यांनी मामाकडे नुसतंच पाहिलं. मग म्हणाल्या, "बसा." आणि लिहून घेतलं.

चार महिन्यांनी त्या आल्या, ऐन बहरात. सोबत खाणवाल्यांचे वकील, मोजणीची दोन माणसं, एक शिपाई. वळणावरून डोंगर दिसला तसे सगळे बोलायचे थांबले. वकीलसुद्धा. शिपायाने तर तोंडावर हात ठेवला. मामाही आला होता, पण कॅमेरा आणला नव्हता. बाई म्हणाल्या, "तुम्ही इथले जाणकार, फाइलला लावायला एक फोटो काढता का?" मामा म्हणाला, "माझा चालायचा नाही, मॅडम. हिला सांगा." मग माझ्या मोबाइलवर मी काढला. बाईंना एक माशी चावली. आईने त्यांच्या बोटातला काटा नखाने खरवडून काढला आणि मध लावून दिला, त्यावर त्या पहिल्यांदा हसल्या.

निकालाचं पत्र आलं ते आईच्या नावे, हरकतदारांत पहिलं नाव तिचं होतं म्हणून. सकाळची वेळ होती. मामा दुकानाच्या पायरीवर बसला होता. हल्ली कोर्टाची कामं बंदच झाली होती. पासपोर्टवाले तेवढे यायचे. त्या बाईच्या दिराने वकील गाठून भिंतीचा खटला पुन्हा उघडायचा अर्ज केला होता आणि मामा दर आठवड्याला तिच्याबरोबर कचेरीत जाऊन बसायचा. तिने त्याला एका शब्दानेही दोष दिला नव्हता. तो म्हणायचा, हेच मला झोपू देत नाही.

आईने चष्मा लावला आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. सदर डोंगरावर दाट झाडोरा असल्याचे प्रत्यक्ष पाहणीत आढळले. सबब खाणीस परवानगी नाकारण्यात येत आहे. मी ओरडलेच. शेजारच्या दुकानातला माणूस काय झालं म्हणून धावत आला. आई पुढे वाचत होती, आणि मग एकदम थांबली.

"पुढे?" मामाने विचारलं.

"पुढे काही नाही." आईने पत्राची घडी घातली. "सही-शिक्का आहे नुसता."

"ताई."

"नाही म्हटलं ना रे."

मामाने हात पुढे केला. आईने कागद छातीशी धरला. तो हात पुढे धरून तसाच बसून राहिला, आणि शेवटी तिला कागद द्यावाच लागला. त्याने घडी उलगडली, ओळ शोधली आणि वाचू लागला. पुटपुटला नाही. शेजारच्या दुकानदारालाही ऐकू जाईल असं वाचलं.

"सदर छायाचित्रकाराने स्वतःच्याच छायाचित्राविषयी परस्परविरोधी निवेदने केली असल्याने, त्याने काढलेली कोणतीही छायाचित्रे या कार्यालयाने, तसेच अन्य कोणत्याही कार्यालयाने, यापुढे विश्वासार्ह पुरावा म्हणून ग्राह्य धरू नयेत."

शेजारचा दुकानदार खाली बघायला लागला. आई रडत होती. इतक्या महिन्यांत ती एकदाही रडली नव्हती. मला कुणाला तरी फाडून खावंसं वाटत होतं आणि समोर फाडून खायला कुणीच नव्हतं.

मामाने ती ओळ पुन्हा एकदा मनात वाचली. त्याचे ओठ हलताना दिसले.

"बरोबर लिहिलंय," तो म्हणाला, आणि कागद आईच्या हातात परत दिला.